तीन भोकं, चार भोकं: स्नोबोर्डच्या सामानाचा इतिहास आणि माझं मनगट

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे फार अडखळलो तिथे थोडं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका शनिवारच्या रात्रीपासून करतो. बॉस्टनजवळच्या माझ्या भाड्याच्या घरात मी हॉलच्या फरशीवर मांडी घालून बसलोय. समोर जुना, सेकंडहँड घेतलेला स्नोबोर्ड. हातात दुसऱ्याच माणसाकडून घेतलेली बाइंडिंग्ज, म्हणजे बूट ज्यात अडकवतात ते पट्टे. बोर्डावर तीन भोकांचा त्रिकोण. बाइंडिंगच्या तळाच्या चकतीला चार भोकं, चौकोनात. स्क्रू बरोबर बसतात, आटे जुळतात, पण एका वेळी एकच स्क्रू बसतो. दुसरा लावायला गेलं की भोक सरकलेलं. माझा नागपूरचा रूममेट सोफ्यावरून शांतपणे बघत होता. म्हणाला, "अरे, घेण्याआधी मोजलं नाही का?" आता काय मोजायचं असतं हेच माहीत नसेल तर माणूस मोजणार काय?

मी सॉफ्टवेअरवाला. दोन गोष्टी एकमेकींशी जोडल्या जात नसतील तर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे हे असं कुणी ठरवलं, आणि का? त्या रात्री बारा ते तीन मी भोकांचा इतिहास वाचत बसलो. भोकांवरून बुटांवर गेलो, बुटांवरून बंदीवर. मग लक्षात आलं की नवशिक्याला दुकानात ज्या ज्या गोष्टींनी गोंधळायला होतं, त्या प्रत्येकीमागे कुणाचं तरी भांडण आहे किंवा कुणाचं तरी हाड मोडलेलं आहे.

हाडाचं आधी सांगून टाकतो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा गेलो होतो. ऑफिसातले पाच जण, एक गाडी, न्यू हॅम्पशायरमधली एक छोटी टेकडी. रेंटल काउंटरवर ही गर्दी. काउंटरवरच्या पोराने बुटाचा नंबर विचारला, मी सांगितला, त्याने बूट दिले. पायात घातले तर मस्त सैल. मी म्हटलं वा, आरामदायक आहेत. जाड लोकरीचे मोजे, दोन जोड, कारण आईने फोनवर बजावलं होतं, "पाय गार पडू देऊ नकोस." पहिल्या तासाभरात मी चाळीसेक वेळा पडलो असेन. एकदा पाठीमागे पडलो, हात मागे टेकवला, आणि मनगटात काहीतरी बारीकसं वाजलं. संध्याकाळी एक्स-रेला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी फिल्म बघायच्या आधीच विचारलं, "स्नोबोर्ड? पहिला दिवस?" मनगटाच्या हाडाला बारीक तडा. सहा आठवडे डाव्या हाताने कोड लिहिलं. ज्याचं पोट बोटांवर चालतं त्याला हे फार महागात पडतं. रिलीज तोंडावर होती, आणि मी सेमीकोलनसाठी करंगळी शोधत होतो.

त्या सैल बुटांकडे परत येऊच. पण त्यासाठी आधी 1965 सालच्या नाताळात जावं लागेल.

अमेरिकेत मिशिगन राज्यात, लेक मिशिगनच्या काठावर मस्कीगॉन नावाचं गाव आहे. तिथे शर्मन पॉपेन नावाचे गृहस्थ राहत. 25 डिसेंबर 1965. घरात लहान मुली, बायको गरोदर, पोरींनी घर डोक्यावर घेतलेलं. पोरींना बाहेर काढायचं म्हणून पॉपेननी लहान मुलांच्या दोन स्की शेजारी शेजारी ठेवून आडव्या पट्ट्यांनी जोडून टाकल्या आणि मागच्या टेकाडावर पोरींना त्यावर उभं केलं. लाटेवर सर्फर उभा राहतो तसं, आडवं. बायकोने नाव दिलं 'स्नर्फर': स्नो आणि सर्फर मिळून. गल्लीतल्या सगळ्या पोरांना ते हवंच झालं. पुढच्याच वर्षी ब्रन्सविक कंपनीने, म्हणजे बोलिंग आणि बिलियर्ड्सचं सामान करणाऱ्या कंपनीने, त्याचं उत्पादन सुरू केलं. किंमत दहा-पंधरा डॉलरच्या घरात. पुढच्या दहाएक वर्षांत लाखोंनी खपले.

आता या स्नर्फरला काय काय नव्हतं ते बघा, कारण आपला विषय सामान हा आहे. पाय बांधायला काही नव्हतं. लोखंडी कडा नव्हती. पुढच्या टोकाला एक दोरी, ती हातात धरायची, घोड्याच्या लगामासारखी. पाय घसरू नये म्हणून वरच्या बाजूला धातूचे बारीक टाचे ठोकलेले. बस. ते खेळणं होतं, आणि खेळणं म्हणून अगदी बरोबर होतं. मऊ, ताज्या बर्फावर, छोट्या उतारावर, पडलात तर बाजूला लोळा. पाय मोकळे, त्यामुळे पडताना माणूस आणि फळी आपापल्या वाटेने जाणार.

पॉपेन एकटेच नव्हते. न्यू जर्सीत टॉम सिम्स नावाच्या शाळकरी मुलाने 1963 सालीच सुतारकामाच्या तासाला बर्फावर चालवायची फळी केली होती, कारण बर्फ पडला की त्याचं स्केटबोर्डिंग बंद पडायचं. युटामध्ये दिमित्रिजे मिलोविच सत्तरच्या दशकात सर्फबोर्डाच्या धर्तीवर 'विंटरस्टिक' करत होते, शेपूट पाकोळीसारखी दुभंगलेली, खोल भुसभुशीत बर्फासाठी. आद्य जनक कोण यावर स्नोबोर्डवाले अजून भांडतात. आपल्याकडे मिसळ पुण्याची की कोल्हापूरची यावर भांडतात त्याच जातीचं ते भांडण आहे, त्यात मी पडत नाही.

पण आज दुकानात जे मिळतं त्याच्यावर सगळ्यात जास्त ठसा ज्याचा आहे तो माणूस म्हणजे जेक बर्टन कार्पेंटर. जन्म 1954. चौदाव्या वर्षी त्याला स्नर्फर मिळाला आणि तो त्यातून कधी बाहेरच आला नाही. न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून 1977 मध्ये तो व्हरमाँटमधल्या लंडनडेरीला गेला आणि फळ्या करायला लागला. रात्री बारमध्ये काम, दिवसा लाकूड तासणं. शंभरेक नमुने केले असं म्हणतात. पहिली किंमत 88 डॉलर. विचार करा, बाजारात स्नर्फर दहा-पंधराला मिळतोय आणि हा 88 सांगतोय! पहिल्या हंगामात जेमतेम तीनशेच्या आसपास बोर्ड खपले.

88 डॉलरमध्ये वेगळं काय होतं? पाय अडकवायचा पट्टा. मला तर सगळ्या गोष्टीतलं महत्त्वाचं वळण हेच वाटतं. 1979 साली मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ स्नर्फरची स्पर्धा होती. बर्टन आपली पट्टेवाली फळी घेऊन तिथे पोचला. लोकांनी हरकत घेतली, की हा स्नर्फरच नाही, पाय बांधलाय त्याने. शेवटी त्याच्यासाठी खुला गट वेगळा काढला, आणि त्या गटात तो जिंकला. गटात फारसं कुणी नव्हतंच म्हणा. पण हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. पाय बांधला की खेळ बदलतो. मोकळ्या पायाने तुम्ही फक्त तोल सांभाळता; बांधलेल्या पायाने तुम्ही फळी तिरकी करू शकता, तिची कड बर्फात रोवू शकता, म्हणजेच वळू आणि थांबू शकता. आणि बांधलेल्या पायाने पडताना फळी तुमच्याबरोबरच येते. माझ्या मनगटाची कहाणी तिथून सुरू होते.

यानंतर प्रश्न आला जागेचा. मागच्या टेकाडावर किती दिवस खेळणार? मोठा उतार हवा, वर जायला लिफ्ट हवी, आणि लिफ्ट स्की रिसॉर्टवाल्यांच्या मालकीची. त्यांनी चक्क दार लावून घेतलं. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या जेमतेम सात टक्के स्की रिसॉर्टांवर स्नोबोर्डला परवानगी होती, असा आकडा नेहमी दिला जातो. कारणं काय द्यायचे? विमा. तुमच्या फळीला कडा नाहीत, तुम्ही थांबू शकत नाही, फळी सुटून खाली कुणाच्या तरी अंगावर जाईल. न बोललेलं कारण असं की ही स्केटबोर्डवाली पोरं, ढगळ कपड्यांची, आमच्या गिऱ्हाइकांना नको आहेत.

गंमत म्हणजे बोललेली कारणं सगळीच खोटी नव्हती. सुरुवातीचे बोर्ड खोल मऊ बर्फात छान चालायचे, पण रिसॉर्टवरचा बर्फ मशीनने दाबून घट्ट केलेला असतो, आणि पूर्वेकडे व्हरमाँट-न्यू हॅम्पशायरला तर सरळ बर्फाची लादीच म्हणा. तिथे लाकडाची गोल कड रुतत नाही. 1982 मध्ये व्हरमाँटमध्ये वुडस्टॉकजवळ 'सुइसाइड सिक्स' नावाच्या टेकडीवर राष्ट्रीय पातळीवरची पहिली शर्यत झाली. नावच बघा! (2022 मध्ये ते बदलून 'सस्काडेना सिक्स' केलंय.) खेळाडू असल्या अर्धवट सामानावर सरळ उतारावरून प्रचंड वेगाने खाली आले. थांबायची सोय म्हणजे शेवटी पडणं.

याच वुडस्टॉकमध्ये 1934 साली अमेरिकेतली पहिली दोरीची स्की-लिफ्ट बसवली होती, जुन्या फोर्ड गाडीच्या इंजिनावर चालणारी. म्हणजे स्कीवाले तरी कुठे अनादि काळापासून लिफ्टने वर जात होते?

असो. 1983 मध्ये व्हरमाँटच्याच स्ट्रॅटन माउंटनने दार उघडलं. मोठ्या रिसॉर्टांपैकी पहिल्यांत त्याचं नाव घेतात. पण अट होती: आधी परीक्षा द्यायची. वळून दाखव, थांबून दाखव, मग कार्ड मिळणार, आणि कार्ड दाखवलं की लिफ्ट. अनेक ठिकाणी अशीच पद्धत पडली. आरटीओला आठ काढून दाखवायचा असतो ना, अगदी तसंच.

आणि इथे सामानाने वेग घेतला, कारण सामानच आता परवाना होतं. दोन गोष्टी आल्या. एक, पोलादी कडा, सरळ स्कीवरून उचललेल्या. दुसरी, हायबॅक, म्हणजे बाइंडिंगच्या मागे पोटरीला टेकणारी ती उभी पाठ. तिचं श्रेय जेफ ग्रेल यांना देतात, 1983च्या सुमाराचं. ही हायबॅक काय करते हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. स्नोबोर्डवर तुम्ही आडवे उभे असता, म्हणून दोन कडा: एक बोटांकडची, एक टाचांकडची. बोटांकडची कड रोवायची तर चवड्यावर उभं राहा, घोटा आणि पोटरी कामाला येतात. पण टाचांकडची रोवायची तर? शरीर मागे न्यायचं आणि फळीची बोटांकडची कड उचलायची. त्यासाठी घोट्यात स्नायूंची तेवढी ताकदच नसते. मग पोटरी मागच्या पाठीवर टेकवायची. ती पाठ तरफेसारखी फळी उचलते. हायबॅकच्या आधी दाबलेल्या बर्फावर टाचेच्या बाजूने नीट थांबणं जवळजवळ अशक्य होतं. हायबॅक आणि कडा आल्यावर रिसॉर्टवाल्यांचं 'थांबता येत नाही' हे कारण संपलं.

1985च्या 'अ व्ह्यू टू अ किल' या बॉन्डपटाच्या सुरुवातीला रॉजर मूर बर्फगाडीच्या तुटलेल्या स्कीवर उभा राहून पळतो, आठवतंय? तो मूर नव्हता. तो टॉम सिम्स होता, सुतारकामाच्या तासाला फळी करणारा तोच मुलगा, आता मोठा झालेला आणि स्वतःच्या कंपनीचा मालक. त्या दृश्याने किती पोरांनी घरी हट्ट धरला असेल!

तरी काही दारं बंदच राहिली. न्यू मेक्सिकोमधल्या टाओसने 2008 मध्ये बंदी उठवली. युटामधली आल्टा आणि डिअर व्हॅली, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन यांनी मात्र ती कायम ठेवली. आल्टाविरुद्ध 2014 मध्ये चौघा स्नोबोर्डर्सनी आणि त्यांच्या संघटनेने कोर्टात दावा लावला. मुद्दा असा की आल्टाची बरीच जमीन सरकारच्या वनखात्याची आहे, मग एका खेळाच्या लोकांना हाकलणं घटनेतल्या समान संरक्षणाच्या हक्काविरुद्ध आहे. आल्टाच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले त्यात एक होता की स्नोबोर्डर आडवा उभा असतो म्हणून त्याला एका बाजूचं दिसत नाही. दावा फेटाळला गेला आणि 2016 मध्ये अपिलातही तेच झालं: बंदी हा रिसॉर्टचा खासगी निर्णय आहे, सरकारचा नाही, असं कोर्ट म्हणालं. मला स्वतःला हे पटत नाही. पण 'एका बाजूचं दिसत नाही' हे मात्र खरं आहे. मागून येणारा मला दोनदा अगदी शेवटच्या क्षणी दिसलाय.

आता बूट. नवशिक्याने एकाच गोष्टीवर डोकं खर्च करायचं तर ती ही. आणि इतिहासात तिच्याकडेच सगळ्यांत उशिरा लक्ष गेलं.

सुरुवातीचे लोक बूट म्हणून काय घालायचे? सोरेल. म्हणजे खाली रबर, वर चामडं आणि आत लोकरीचं अस्तर असलेले कॅनडा छापाचे थंडीचे बूट. बर्फ फावड्याने काढताना लोक घालतात ते. ते ढिले, पाय आत डुगडुगणार. मग पोरांनी काय केलं, जुन्या स्की-बुटातलं आतलं अस्तर काढून सोरेलमध्ये कोंबलं. हा जुगाड अनेकांनी केला, आणि पुढे कंपन्यांनी जे बूट काढले ते बऱ्याच अंशी या जुगाडाचंच सुधारलेलं रूप आहे: बाहेरून मऊ बूट, आतून स्वतंत्र घट्ट अस्तर, त्याला वेगळी नाडी.

जुगाड का करावा लागला? कारण टाच. तुम्ही चवड्यावर दाब देता तेव्हा बुटाच्या आत टाच अर्धा इंच वर उचलली गेली तर तो दाब फळीपर्यंत पोचतच नाही. आधी तुम्ही बुटात हलता, मग बूट बाइंडिंगमध्ये हलतो, मग कधीतरी फळी हलते. माझ्या भाषेत सांगायचं तर लॅग. तुम्ही बटण दाबलं आणि स्क्रीन सेकंदाने हलली. अशा वेळी माणूस काय करतो, आणखी जोरात दाबतो. मग फळी एकदम जास्तच फिरते, उताराकडची कड बर्फात अडकते आणि माणूस आडवा. याला 'एज कॅच' म्हणतात, आणि माझ्या पहिल्या दिवसाच्या चाळीस पडण्यांपैकी निम्म्यांचं तरी मूळ त्या आरामदायक सैल बुटात होतं असं मला आता वाटतं. दोन जोड मोज्यांनी भर घातली. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

नाडीची गोष्टही बघण्यासारखी आहे. हातमोजे घालून गारठलेल्या बोटांनी नाडी आवळणं किती त्रासाचं असतं ते केल्यावरच कळतं. कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जमध्ये गॅरी हॅमरस्लॅग नावाच्या, वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यातून आलेल्या माणसाने बोआ कंपनी काढली, आणि 2001 मध्ये तिची गोल चकती पहिल्यांदा स्नोबोर्डच्याच बुटांवर आली: चकती फिरवा, पोलादी तार आवळली जाते, वर ओढा, सुटते. आज हीच चकती सायकलच्या बुटांवर, हेल्मेटवर, कुठे कुठे दिसते.

मापाचं म्हणाल तर यूएस, यूके, युरोप हे सगळं विसरा आणि मोंडोपॉइंट बघा. म्हणजे सरळ पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर पाऊल मोजायचं. माझं 26.5 निघालं, पहिल्या दिवशी मला मिळालेला बूट 28 चा होता. उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकायला हवा, गुडघे वाकवल्यावर तो मागे सरकायला हवा, आणि टाच हलता कामा नये. दुकानात निदान वीस मिनिटं पायात घालून फिरायचं. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

एक छोटं आडवळण. युरोपात बरीच वर्षं दुसरीच शाळा होती: स्कीसारखे प्लॅस्टिकचे कडक बूट, बारीक लांबट बोर्ड, नुसता वेग आणि रेखीव वळणं. 1998 मध्ये नागानोला स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा त्यात जायंट स्लालमची ही शर्यतही होती. ती जिंकणारे कॅनडाचे रॉस रेबाग्लियाटी यांचं सुवर्णपदक गांजाच्या चाचणीवरून काढून घेतलं आणि मग परत दिलं. लोकांच्या लक्षात तेच राहिलं. कडक बूट शर्यतवाल्यांपुरते उरले. सेकंडहँड बाजारात कधी स्वस्तात कडक बुटांचा सेट दिसला तर हात लावू नका, एवढंच.

तसंच स्टेप-इनचं. पट्टे बांधायला बर्फात बसावं लागतं, म्हणून नव्वदच्या दशकात बुटाच्या तळालाच खटका बसवायची कल्पना निघाली. के-टू कंपनीने सायकलवाल्या शिमानोबरोबर 'क्लिकर' काढलं, इतरांनीही आपापली काढली. तळात धातू म्हणून बूट कडक, खटक्यात बर्फ भरायचा, आणि प्रत्येक कंपनीचा खटका वेगळा. काही वर्षांत सगळं गायब. 2017 मध्ये बर्टनने 'स्टेप ऑन' आणलं, ते टिकलंय. पण जुनं नव्वदच्या दशकातलं स्टेप-इन कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्याचे बूट आता मिळत नाहीत.

आता माझी तीन भोकं. अगदी सुरुवातीला बाइंडिंग सरळ लाकडात स्क्रू मारून बसवायचे. मग बोर्डातच आट्यांची धातूची घरं बसवायला लागले. चार सेंटिमीटरच्या चौकोनात चार भोकं, ही बहुतेकांची पद्धत. बर्टनने मात्र आपली वेगळी काढली: तीन भोकांचा त्रिकोण, नाव 'थ्रीडी'. आणि पुढे तीही सोडून बोर्डाच्या मध्यातून जाणारी लांब खाच आणली, 'चॅनल'. स्क्रू मात्र सगळीकडे एम-सिक्सच. म्हणून तर मला आटे जुळताना वाटलं होतं की जमेल. फोनच्या चार्जरचं पूर्वी जे होतं तेच इथेही. त्रिकोण वाईट होता असं नाही, पाय थोड्या जास्त बारीक फरकाने पुढेमागे सरकवता यायचे. पण ज्या कंपनीने 1979 मध्ये 'हा आमच्यातला नाही' हे ऐकून घेतलं, तिनेच पुढे इतरांच्या बाइंडिंगला न बसणारी भोकं पाडली, हे मला रात्री तीन वाजता फारच गमतीशीर वाटलं. सेकंडहँड घेताना फोटोत भोकं मोजा, आणि विकणाऱ्याला चकतीचा फोटो मागा. झालं.

बोर्डाचा आकार हा विषय दुकानदार फार मोठा करतात. लांबी हनुवटी ते नाकापर्यंत असावी असं सांगतात. खरं तर वजन जास्त महत्त्वाचं, कारण वाकणार ती फळी, आणि तिला वाकवणार तुमचं वजन. प्रत्येक कंपनी वजनाचा तक्ता देते, तो बघावा. रुंदी बुटावरून: पाऊल मोठं आणि फळी अरुंद असेल तर बोटं बाहेर येऊन बर्फात घासतात. तुलनेने नवं आहे ते कमानीचं प्रकरण. पूर्वी बहुतेक बोर्ड 'कॅम्बर', म्हणजे जमिनीवर ठेवले की मध्यभाग किंचित उचललेला, धनुष्यासारखा. वर उभं राहिलं की पूर्ण कड दाबली जाते, पकड चांगली. 2000च्या दशकाच्या उत्तरार्धात उलटी कमान लोकप्रिय झाली, 'रॉकर': पाळण्याच्या बुडासारखी, टोकं उचललेली. लिब टेकच्या 'स्केट बनाना'ने तिचा बराच बोलबाला केला. टोकं वर असल्यामुळे कड कमी अडकते, नवशिक्याला क्षमा मिळते. बदल्यात लादीसारख्या बर्फावर पकड कमी. पूर्वेकडे शिकणाऱ्याने दोन्हींचं मिश्रण असलेला, मऊ, थोडा आखूड बोर्ड घ्यावा असं माझं मत. बोर्डाच्या कडकपणाचा एक ते दहा आकडा दिलेला असतो, पण एका कंपनीचा पाच म्हणजे दुसरीचा पाच नव्हे, तेव्हा त्यावर जीव टाकू नका.

पुण्याच्या एका ऐकणाऱ्याने विचारलं होतं, गुलमर्गला जातोय, काय घेऊ? गोंडोलाच्या वरच्या टप्प्याचे फोटो बघून हुरळू नका. अफरवटला ते जवळजवळ चार हजार मीटरवर सोडतात, आणि तो डोंगर आहे, रिसॉर्टचा आखलेला उतार नाही. पहिल्यांदा खालच्या सपाट कुरणावरच्या उतारांवर, शिक्षक घेऊन, भाड्याचं सामान. बूट मात्र तिथेही तीन जोड घालून बघा.

आता राहिलं मनगट. स्की आणि स्नोबोर्ड यांच्यातला एक मोठा फरक दुकानात दिसत नाही. स्कीचं बाइंडिंग ठरावीक जोर आला की सुटतं, म्हणजे स्की वेगळी होते. कारण दोन पायांना दोन लांब तरफा, गुडघा पिळवटायची भीती. स्नोबोर्डने स्कीकडून कडा घेतल्या, पाठ घेतली, पण सुटणारं बाइंडिंग घेतलं नाही. दोन्ही पाय एकाच फळीवर बांधलेले असल्यामुळे गुडघे एकमेकांना सांभाळतात. पण हातात काठ्या नाहीत, पाय हलवून तोल सावरता येत नाही, मग पडताना पुढे काय येतं? हात. म्हणून स्कीवाल्यांचे गुडघे जातात आणि स्नोबोर्डवाल्यांची मनगटं, त्यातही नवशिक्यांची. मनगटरक्षक घातल्याने मोडण्याचं प्रमाण कमी होतं हे अभ्यासांत दिसलेलं आहे. किंमत तीस-चाळीस डॉलर. माझ्या पहिल्या दिवशी रेंटल काउंटरवर ते मिळत होते का, मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही आणि कुणी सांगितलंही नाही. स्टायलिश दिसत नाहीत, म्हणून कुणी घालतही नाही. तडा भरून आल्यावर बाबांनी सांगलीहून फोनवर एकच प्रश्न विचारला होता: "हे घसरायला पैसे देतोस, की पडायला?" उत्तर सुचलं नाही.

तर या हंगामात मी काय केलं ते सांगतो. बूट नवे घेतले, 26.5, पूर्ण किमतीत, नव्या नोकरीच्या पहिल्या पगारातून. हेल्मेट नवं. मनगटरक्षक नवे. बोर्ड आणि बाइंडिंग्ज डिसेंबरभर भाड्यानेच. तीन भोकांची चकती शेवटी एका जुन्या सामानवाल्याकडे डब्यात सापडली, दोन डॉलरला दोन. जानेवारीत तो जुना बोर्ड घेऊन स्ट्रॅटनला गेलो, मुद्दाम. कार्ड कुणी विचारलं नाही. सोप्या उतारावरून टाचेच्या बाजूने पूर्ण खाली आलो, तीनदा थांबलो, तिन्ही वेळा ठरवून. चौथ्यांदा पडलो, मनगटावरच, आणि प्लॅस्टिकची पट्टी बर्फावर खरवडल्याचा आवाज आला. हात काढून बोटं हलवून बघितली. पाचही हलली.

पुढच्या आठवड्यात बोर्ड विकायला काढलाय. थोडा लांब पडतो मला. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलंय: याला तीन भोकं आहेत, चकत्या सोबत देतो.